सरांचा डी-नाइन्टी: जुना ठेवायचा की नवा घ्यायचा, एका कॅमेऱ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांचं आहे. नाव सांगत नाही, नुसतं सर म्हणतो, त्यांच्या बायको पण आमच्याच शाळेत होत्या म्हणून त्या बाई, आणि मुलगी पुण्यात असते ती ताई. घरातले एक-दोन तपशील मुद्दाम बदललेत. गाव मात्र चिपळूणच ठेवलंय कारण पुराशिवाय ही गोष्ट सांगताच येत नाही.

सरांनी २०१० मध्ये निकॉनचा डी९० घेतला. भिशी लागली होती, ते पैसे खिशात घालून मांडवी एक्सप्रेसने मुंबईला गेले, फोर्टातल्या बोरा बाजारात चार दुकानं फिरले आणि सोबत मिळणाऱ्या १८-१०५ च्या किट लेन्ससकट बॉक्स उचलून दुसऱ्या दिवशी परत. नंतर ५० एमएम १.८ डी घेतली, तीच सरांची फिफ्टी, आणि अजून नंतर पक्ष्यांसाठी ७०-३०० व्हीआर (व्हीआर म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय). या तीन लेन्सा लक्षात ठेवा, पुढे सगळा घोळ त्यातल्या एकीवरूनच झाला.

ज्यांना हा कॅमेरा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डी९० आला २००८ च्या ऑगस्टमध्ये, १२.३ मेगापिक्सेल, आणि व्हिडिओ काढणारा हा जगातला पहिला डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा. ७२०पी, तेही एका वेळी पाच मिनिटं. आज हसू येईल पण तेव्हा लोक तोंडात बोटं घालत होते. बॅटरी एका चार्जवर साडेआठशे फोटो देते असं कंपनीचंच माप, आणि सरांचा अनुभव त्याहून जास्तीचा कारण ते स्क्रीन फारशी बघतच नाहीत (का बघत नाहीत हे आम्हाला फार उशिरा कळलं, येतो त्यावर). व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीत, खरं काचेचं प्रिझम आहे आणि फोकसची मोटर बॉडीत आहे. निकॉनच्याच डी३००० आणि डी५००० वाल्या स्वस्त मालिकांमध्ये ही मोटर नसते.

आणि कोकणातली हवा. तिथे कॅमेरा सांभाळणं म्हणजे दमेकरी माणूस सांभाळणं. सरांनी पंधरा वर्षं तो स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला, तळाला सिलिका जेलची पुरचुंडी, निळे खडे गुलाबी झाले की बाई ते तव्यावर भाजून परत निळे करणार. एवढं करूनही ग्रिपचं रबर सुटलंच, अंगठा टेकतो तिथलं, आणि सरांनी ते सायकलच्या पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवलेलं.

आता पूर. २२ जुलै २०२१, पहाटे वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं ते सगळ्यांना माहीतच आहे. सरांचा खालचा मजला पूर्ण गेला. अल्बम, चित्रं, कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटरशेजारी असलेली हार्ड डिस्क, जिच्यात २०१० पासूनचं सगळं होतं आणि जिची दुसरी कॉपी नव्हती. कॅमेरा वाचला कारण आदल्या संध्याकाळी सर वरच्या गॅलरीतून पावसाचे फोटो काढत होते आणि आळस करून तो खाली डब्यात न ठेवता वरच खुंटीला अडकवून झोपले होते. एरवी शिस्तीचा माणूस, त्या दिवशीच्या बेशिस्तीमुळे कॅमेरा राहिला.

अडचण

जानेवारी २०२५ मध्ये ताईचा फोन आला. बाबांची एकसष्ठी आहे या वर्षी, त्यांना नवीन कॅमेरा द्यायचाय, बजेट लाखभर, कुठला घेऊ सांग, आणि त्यांना कळू देऊ नकोस, सरप्राइज आहे. का नवीन, तर म्हणे अलीकडे बाबांचे फोटो सगळे हललेले येतात, शिमग्यातले तर बघवत नाहीत, आणि विचारलं तर म्हणतात कॅमेरा थकला. बाई मागून ओरडल्या ते मला फोनवर ऐकू आलं, "कॅमेरा नाही, हे थकलेत."

मी काय करायला हवं होतं ते नंतर लिहितो. केलं काय ते आधी. मी त्याच रात्री बसून ताईला व्हॉट्सॲपवर भलामोठा तक्ता पाठवला, मेगापिक्सेल, फ्रेम पर सेकंद, डोळा ओळखणारा फोकस, वजन, सगळं. तिने उत्साहात तो बाबांनाच फॉरवर्ड केला, सरप्राइज तिथेच संपलं. सरांचा मला एका ओळीचा मेसेज आला, "यात माझा फिफ्टी चालेल का?"

मी लिहिलं, "हो सर, अडॅप्टर मिळतो." म्हणजे जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसवायचा जोड.

हे उत्तर खोटं नव्हतं. अर्धं होतं.

शोधाशोध

फेब्रुवारीत दोन दिवस चिपळूणला गेलो. ताईला म्हटलं तोपर्यंत ऑर्डर टाकू नकोस, तिने कार्टमध्ये भरून ठेवलाच होता.

पहिलं काम म्हणजे कॅमेरा खरंच थकलाय का ते बघणं. ट्रायपॉडवर लावला, समोर बाईंच्या पुस्तकांचं कपाट, व्हीआर बंद, टायमर लावून एफ/५.६ ला फोटो (लेन्सचं भोक, म्हणजे ॲपर्चर, किती उघडं ते हा आकडा सांगतो, आकडा लहान तितकं भोक मोठं). स्क्रीनवर मोठं करून बघितलं तर ज्ञानेश्वरीच्या कण्यावरची बारीक अक्षरं कोरल्यासारखी. मग फिफ्टी लावली, तिने लगेच वरच्या छोट्या डिस्प्लेवर एफईई दाखवलं. अंगावर ॲपर्चरची रिंग असलेली लेन्स आहे ती, रिंग २२ वर नेऊन लॉक केली नाही की कॅमेरा फोटोच काढत नाही आणि तीन अक्षरं लुकलुकवतो. सर न बघता अंगठ्याने रिंग फिरवून लॉक करतात, आपण बस थांबल्याचं न बघता ओळखतो तसं. फिफ्टी पण ठणठणीत. जेपेगमधल्या माहितीतून शटर काउंट, म्हणजे आजवर किती क्लिक झाले ते, काढला, ६३,४१२. या मॉडेलचं शटर कंपनीने एक लाखापर्यंत तपासलेलं असतं म्हणजे अजून बरंच बाकी. सेन्सरवर धूळ होती, आकाशाच्या फोटोत डाग दिसत होते, पण धूळ म्हणजे काही थकवा नव्हे.

मग हललेले फोटो उघडले. आधीच्या वर्षीच्या पालखीचे. त्यातली माहिती वाचली आणि उत्तर तिथेच होतं. आयएसओ (उजेड पकडायची संवेदनशीलता) ८००, एफ/२.८, शटर १/१५, म्हणजे सेकंदाचा पंधरावा भाग उघडं. दुसरा, १/१३. तिसरा, १/१५. सहाणेवरून, म्हणजे पालखी ठेवायच्या चौथऱ्यावरून, उठलेली पालखी, खांद्यावर घेऊन नाचवणारी पोरं, आणि शटर १/१५! देव सुद्धा हलणार.

"सर, आयएसओ वर का नाही नेत?"

"अरे ८०० च्या वर गेलास की तांदूळ सांडल्यासारखं दिसतं."

हे फिल्मच्या काळातलं आहे. ४०० ची फिल्म ८०० ला ओढून धुवायची आणि मग दाणे मोजत बसायचे, ती भीती डिजिटलमध्ये तशीच आली आणि पंधरा वर्षं राहिली. डी९० च्या ३२०० ला तांदूळ सांडतो हे खरंय, पण हिशोब करून बघा, ८०० वरून ३२०० म्हणजे दोन पायऱ्या (दर पायरीला दुप्पट), १/१५ चं १/६० झालं, २.८ वरून एफ/२ वर आलं की अजून एक पायरी, १/१२५. तेवढ्यात खांद्यावरची पालखी बऱ्यापैकी थांबते. आणि दाण्यांचं म्हणाल तर रॉ मध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलीत, काढायचं, लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये २०२३ पासून एआय डीनॉइज (दाणे पुसणारी सोय) आलंय ते जुन्या कॅमेऱ्याच्या रॉ फाइलवरही चालतं आणि थक्क व्हायला होतं. सरांनी आयुष्यात एकही रॉ काढली नव्हती, फक्त जेपेग.

मला वाटलं झालं निदान. पण एक खटकत होतं. फोटो हललाय हे जागेवरच दिसायला हवं ना? एक हलला तर माणूस पुढचा सावरून काढतो. इथे सलग चाळीस फोटो एकाच सेटिंगला हललेले.

दुसऱ्या दिवशी सरांबरोबर गोवळकोटला गेलो, वर किल्ल्यावर, आणि मुद्दाम कॅमेऱ्याकडे न बघता सरांकडे बघत बसलो. चष्मा काढला, शर्टाच्या खिशात घातला, फाइंडरला डोळा लावला, क्लिक. कॅमेरा खाली. चष्मा खिशातच. पुढे चालायला लागले. स्क्रीनकडे बघितलंच नाही.

जवळचं दिसत नाही त्यांना चष्म्याशिवाय. चष्मा लावून फाइंडरला डोळा टेकत नाही. मग प्रत्येक फोटोला चष्मा काढ-घाल करायची, ते पालखीच्या गर्दीत, गुलाल उडत असताना, धक्के खात कोण करणार? म्हणून ते कधी बघतच नव्हते. दोन दिवसांनी घरी कॉम्प्युटरवर मोठा चष्मा लावून बसले की कळायचं हललेत, आणि दोष कॅमेऱ्याचा. त्यात फाइंडरच्या शेजारचं डायॉप्टरचं, म्हणजे डोळ्याच्या नंबरप्रमाणे फाइंडर जुळवायचं, चाक डब्यात घासून एका टोकाला फिरलेलं, त्यामुळे आतलंही धुरकट दिसत होतं आणि सरांना वाटायचं काचेला बुरशी लागली. ते चाक मी आतल्या फोकसच्या खुणा स्पष्ट दिसेपर्यंत फिरवायला लावलं तर सर एकदम म्हणाले, "आयला, पाऊस गेला की रे."

पर्याय

समोर चार पर्याय होते, सगळे सारख्या वजनाचे नव्हते.

फोनचा आम्ही दोन मिनिटांत सोडला. ताईचा नवरा म्हणत होता की चांगला फोन घ्या, रात्रीचे फोटो झकास येतात, आणि ते खोटं नाही. पण सरांना हातात धरून डोळ्याला लावायचं काहीतरी हवं, हात लांब करून काढलेल्या फोटोला ते फोटो मानत नाहीत. वाद नाही घालायचा अशा ठिकाणी.

दुसरा, आहे तोच डागडुजी करून वापरायचा. सेन्सर सफाई, नवीन रबर, एक नवी बॅटरी, आणि काही ३२ जीबीची कार्डं, जास्तीची नाहीत कारण हा कॅमेरा एसडीएचसी, म्हणजे ३२ जीबीपर्यंतची कार्डंच नीट ओळखतो आणि दुकानात आता सगळे ६४ च्या वरचीच हातात देतात. हे सगळं मिळून काही हजारांत. शिमगा तोंडावर होता, म्हणून ठरलं की एवढं तरी करायचं आणि एक शिमगा रॉ मध्ये, ३२०० ला काढून बघायचा. मग पुढचं.

हा अख्ख्या प्रकरणातला एकमेव निर्णय जो मी परत जसाच्या तसा घेईन. मार्चमध्ये सरांनी पालखी काढली, शेरणे, म्हणजे पुरलेला नारळ, काढतानाचे पण फोटो आले, मातीत हात घालून नारळ शोधणारे चेहरे, थांबलेले, स्पष्ट. तांदूळ होते, पण डीनॉइजमधून काढल्यावर भात झाला असं सरांचं म्हणणं. ताईला पाठवले तर ती म्हणाली मग आता नवीन कशाला?

तर चष्मा. साडेतीनशेपैकी जवळपास शंभर फोटोंत फोकस पालखीऐवजी मागच्या माणसावर, आणि ते परत दोन दिवसांनी कळलं. शटरचा प्रश्न सुटला, न बघण्याचा तसाच.

एप्रिलमध्ये सर पुण्याला आले आणि आम्ही तिघं एका दुकानात गेलो. सर गळ्यात डी९० घालून, त्याला फिफ्टी.

तिसरा पर्याय म्हणजे वापरलेला निकॉन डी७५००. २०१७ चा, २०.९ मेगापिक्सेल, स्क्रीन वर-खाली होते, आयएसओला फार सरस, आणि मुख्य म्हणजे फोकसची मोटर बॉडीत आहे म्हणजे तिन्ही लेन्सा जशाच्या तशा. दुकानात एक चांगल्या अवस्थेतला होता, नव्या मिररलेसच्या (आरसा नसलेल्या, फाइंडरमध्ये छोटा स्क्रीन असलेल्या कॅमेऱ्याच्या) जवळपास निम्म्या पैशात. मी मनातून यालाच मत देऊन आलो होतो. सरांनी हातात घेतला, फिफ्टी लावली, खर्र करून फोकस झाला, म्हणाले, "हा आपल्यातला वाटतो." मी म्हटलं बघा, घेऊन टाकू. ताई पण तयार.

मग चौथा म्हणून निकॉनचाच मिररलेस झेड५०-टू काढायला सांगितला, नुसता दाखवण्यासाठी. दुकानातल्या मुलाने अडॅप्टर लावला, त्यावर सरांची फिफ्टी. सरांनी बटण अर्धं दाबलं. लेन्स ढिम्म. परत दाबलं. काहीच नाही.

"हे काय रे? तू म्हणालास चालतो."

चालतो, म्हणजे बसतो, उजेड मोजतो, ॲपर्चर बदलतो. फोकस करत नाही. कारण या डी लेन्सांच्या आत मोटर नसते, बॉडीतून एक छोटा स्क्रूड्रायव्हर बाहेर येऊन लेन्सच्या मागच्या खाचेत बसतो आणि तिला फिरवतो, तो ना अडॅप्टरमध्ये आहे ना झेड बॉडीत. १८-१०५ आणि ७०-३०० च्या आत स्वतःची मोटर आहे, त्या व्यवस्थित चालतात. नेमकी सरांची लाडकी तेवढी नाही. मला हे माहीत होतं हो! जानेवारीत सांगायचं राहिलं कारण मला वाटलं "अडॅप्टर मिळतो" एवढ्याने त्यांचं समाधान होईल. सरांनी मला शाळेत जसं बघायचे तसं बघितलं.

तरी कॅमेरा हातात होता म्हणून त्यांनी फिफ्टीची रिंग हाताने फिरवली. मुलाने फोकस पीकिंग चालू करून दिलं, म्हणजे जिथे फोकस आहे त्या कडा लाल दिसतात. सर म्हणाले, "टीव्ही बघतोय असं वाटतं." हे त्यांनी कौतुकाने म्हटलेलं नाही. काचेतून बघायची सवय असलेल्या माणसाला इलेक्ट्रॉनिक फाइंडर आधी खोटाच वाटतो. रॅकवरच्या एका बॅगेचा फोटो काढला. आणि मग, सवयीने कॅमेरा खाली घ्यायच्या आधी, काढलेला फोटो फाइंडरच्या आतच उमटला. डोळ्यासमोर. चष्मा खिशातच होता.

सर काही बोलले नाहीत. मुलाने सांगितलं हे बटण दाबा, मोठा होतो. सरांनी डोळा न काढता तो मोठा केला, अजून मोठा, बॅगेवरच्या चेनच्या दातांपर्यंत. मग कॅमेरा खाली घेऊन ताईकडे बघत म्हणाले, "अगं, हा दिसतोय."

निर्णय

त्या एका वाक्यानंतर डी७५०० चा विषय संपला, मी अजून पाच मिनिटं त्याची बाजू मांडत होतो ते वेगळं. बॅटरी बघा, त्याची साडेनऊशे फोटोंची, याची अडीचशेच्या आसपास. किंमत बघा. फिफ्टी बघा. ताईने मला हळूच सांगितलं, गप्प बस. बरोबर होती ती. आरशाच्या कॅमेऱ्यात काढलेला फोटो फाइंडरमधून बघता येत नाही, कितीही भारी घेतला तरी, आणि सरांचा प्रश्न नेमका तेवढाच होता. मी निदान बरोबर केलं आणि औषध चुकीचं लिहून देत होतो, कारण मला स्वतःला डी७५०० आवडतो.

मग एक्स्चेंजचं निघालं. दुकानदार म्हणाला डी९० द्या, साडेतीन हजार कमी करतो. व्यवहार म्हणून काही चूक नाही त्यात, पंधरा वर्षांच्या बॉडीला कोण किती देणार. ताई म्हणाली बाबा देऊन टाका ना, घरात दोन-दोन कशाला. सरांनी उत्तर दिलं नाही, पट्टा मनगटाला दोन वेढे गुंडाळला फक्त. ताईला कळलं. तिने दुकानदाराला सांगितलं, राहू दे.

शेवटी घेतलं ते असं: झेड५०-टू, त्याची छोटी १६-५० किट लेन्स, रात्रीसाठी झेडची ४० एमएम एफ/२, दोन जास्तीच्या बॅटऱ्या. लाखाच्या वर गेलं, वरचे सरांनी घातले. अडॅप्टर तेव्हा घेतला नाही. हा निर्णय सरांचा आणि मला तो फार पटला, म्हणाले फिफ्टीला तिकडे अपंग करून न्यायचं कशाला, तिचं घर डी९० आहे, तिथेच राहू दे. माझा हट्ट एकच होता, दोन हार्ड डिस्क घ्यायच्या, एक चिपळूणला वरच्या मजल्यावर आणि एक पुण्याला ताईकडे, दर सणाला अदलाबदल. त्यावर कोणी वाद घातला नाही. अक्षय्य तृतीयेला, ३० एप्रिलला, बिल झालं.

पुढे काय झालं

पहिले दोन महिने वाईट गेले. सर्वांना वाटतं नवीन वस्तू आली की आनंदीआनंद, तसं काही झालं नाही. मेन्यूत हरवायचे, एकदा चुकून काहीतरी दाबलं आणि सगळे फोटो चौकोनी यायला लागले, तेव्हा रात्री दहाला मला व्हिडिओ कॉल. बॅटरी कधी संपते कळायचं नाही, पंधरा वर्षं ज्यांनी चार्जर आठवड्याला एकदा बघितला त्यांना रोज बघावा लागतोय. आणि एक तक्रार ज्याला माझ्याकडे उत्तर नाही: घराजवळच्या उंबरावर धनेश येतात, कॅमेरा झोपलेला असला की डोळा लावल्यावर आत क्षणभर काळोख, मग चित्र येतं, तेवढ्यात पक्षी पलीकडच्या डोंगराला. डी९० ला जागं व्हायचंच नसतं, काच कायम उघडी. पक्ष्यांसाठी म्हणून शेवटी पावसाळ्यानंतर अडॅप्टर घेतलाच, ७०-३०० साठी.

पण गणपतीत जाखडी झाली वाडीत, रात्रभर, दोन बल्ब आणि एक हॅलोजन, फेर धरून नाचणारी पोरं, पायातले चाळ. सरांनी ४० एमएम एफ/२ ला, आयएसओ ६४०० ला काढली. मी ते फोटो बघितले. एका फोटोत घामाचा थेंब हनुवटीवरून सुटलाय आणि खाली पडायचाय. सर म्हणाले पहिला काढला तो हलला होता, आत दिसलं, मग शटर वाढवलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी हे जागेवर केलं.

डी९० पण चालू आहे. फिफ्टी लावून, बाजारात जाताना. शटर ६५ हजारांच्या पुढे गेलंय.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी डोळ्यांचा डॉक्टर. हे आम्ही शेवटी केलं, जूनमध्ये, आणि कळलं की जवळचा नंबर वाढलाय आणि एका डोळ्यात मोतीबिंदू सुरू होतोय, ऑपरेशनची घाई नाही म्हणाले. जानेवारीत गेलो असतो तर सरळ तिथूनच कळलं असतं की आपण कॅमेऱ्याशी भांडतोय ते डोळ्याचं भांडण आहे. नंबर बरोबर असलेला चष्मा लागल्यावर डी९० ची स्क्रीनही त्यांना बरीच दिसते आता. नवीन घ्यावाच लागला नसता का? मला वाटतं तरी घेतला असता, गर्दीत चष्म्याची काढ-घाल राहिलीच असती, पण लाखाच्या वर न जाता, शांतपणे, वर्षभर थांबून घेतला असता.

माझा तक्ता. कोणी "कुठला घेऊ" विचारलं की आपल्याला चेव येतो आणि आपण आकडे ओतायला लागतो. मी आधी फक्त शेवटचे वीस बिघडलेले फोटो मागवायला हवे होते, मूळ फाइली, व्हॉट्सॲपवरून दबलेल्या नाही. १/१५ मला पुण्यात बसून दिसलं असतं. आणि फिफ्टीचं उत्तर पूर्ण द्यायला हवं होतं, जुन्या लेन्सा असलेल्या माणसाला "अडॅप्टर मिळतो" एवढंच सांगणं म्हणजे पूल आहे म्हणून सांगायचं आणि त्यावरून गाडी जात नाही ते गाळायचं.

ताईचं सरप्राइज फसलं ते बरंच झालं. ऑनलाइन मागवून हातात ठेवला असता तर सरांनी तोंडभर कौतुक करून कपाटात ठेवला असता, मला शंभर टक्के खात्री आहे. दुकानात स्वतः डोळा लावला म्हणून घडलं.

आणि फाइलींची नावं. हे सगळ्यांनाच लागू आहे म्हणून सांगतो, डीएससी_९९९९ झालं की कॅमेरा परत ०००१ पासून सुरू करतो, त्रेसष्ट हजार फोटो म्हणजे एकाच नावाच्या सहा-सहा फाइली, सरांनी पुरानंतरचे फोटो एकाच फोल्डरमध्ये ओतताना दोनदा "रिप्लेस" ला हो म्हटलंय. किती गेले त्याचा हिशोब नाही. तारखेचे फोल्डर करा.

ते कार्ड

नोव्हेंबरमध्ये हार्ड डिस्क बदलायला गेलो तेव्हा सरांनी काड्यापेटीत ठेवलेलं एक ८ जीबीचं कार्ड आणून दिलं. पुराच्या वेळी कॅमेऱ्यात होतं ते. चार वर्षं त्यांनी ते ना परत वापरलं ना उघडलं, बाई म्हणाल्या मी कितीदा सांगितलं. अकराशे फोटो होते, बरेचसे त्या वर्षीच्या उन्हाळ्यातले, आंबे, नात, शाळेतला वर्ग. सगळे कॉपी केले, दोन्ही डिस्कवर.

शेवटचे तीस-चाळीस २१ जुलैच्या संध्याकाळचे. गॅलरीतून, पाऊस, समोरच्या घरांचे दिवे, रस्त्यावरून जाणारा एक छत्रीवाला. खालच्या मजल्याची पायरी दिसते एका फोटोत, कोरडी. सर नवीन चष्मा लावून स्क्रीनच्या अगदी जवळ गेले. मी माहिती उघडली, सवयीने. आयएसओ ८००, १/१०.

"हे पण हललेत रे सगळे," सर म्हणाले.

बाई चहा घेऊन मागे उभ्या होत्या. "तो आयएसओ तेव्हा वाढवता येत होता का?"

"येत होता."

"मग तेव्हापासून कॅमेऱ्याला नावं ठेवताय," असं म्हणून त्यांनी चहा टेबलावर ठेवला, आणि तो पायरीचा फोटो आधी प्रिंट करून आणायला सांगितला, हललेला असला तरी.

सरांनी मला विचारलं मोठ्यात मोठा कुठल्या साइजचा येईल. मी म्हटलं हललेल्याला काय, कुठलाही.

"मग बारा बाय अठरा कर."